आकाशातून पडलेला वेढा : ऱ्होडेशियातील हेलिकॉप्टर-युद्धतंत्र व त्याची मर्यादा (१९६६–१९७९)

एखाद्या युद्धातील बहुसंख्य चकमकी एका पक्षाने जिंकाव्यात आणि युद्ध मात्र दुसऱ्या पक्षाच्या पदरात पडावे, ही गोष्ट इतिहासाला अपरिचित नाही. तथापि ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९७२ ते १९७९ या काळात झालेल्या युद्धात ही विसंगती जितक्या ठळकपणे दिसते तितकी ती अन्यत्र क्वचितच दिसेल. अत्यल्प साधनसामग्री असलेल्या ऱ्होडेशियन सैन्याने हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने एक नवे युद्धतंत्र उभारले. ‘फायरफोर्स’ या नावाने ते प्रसिद्ध पावले. या तंत्राच्या पकडीत सापडलेला गनिमी गट सहसा निसटत नसे. असे असूनही १९७९ च्या डिसेंबरात शस्त्रसंधी झाली तेव्हा देशाच्या फार मोठ्या भागावर सरकारची सत्ता केवळ दिवसापुरती, आणि तीही सैनिक प्रत्यक्ष उभे असतील तेवढ्याच जागेपुरती, उरली होती. हे असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा अवश्य आहे. ऱ्होडेशियन सरकार आपल्या प्रतिपक्षाला ‘दहशतवादी’ म्हणत असे. स्वातंत्र्यवादी पक्ष त्यांनाच ‘मुक्तिसैनिक’ म्हणत. शोना भाषिक खेडुतांच्या तोंडी ‘वाकोमाना’, म्हणजे ‘पोरे’, असा घरगुती शब्द होता. येथे ‘गनीम’ हा शब्द योजला आहे. हा शब्दही मूळचा निःपक्षपाती नव्हे. त्याचा अर्थ शत्रू असा असून मोगल बखरनवीस तो मराठ्यांना उद्देशून वापरीत. परंतु ‘गनिमी कावा’ या शब्दप्रयोगामुळे मराठीत त्यातील निंदेचा अंश बराच झिजला आहे, आणि म्हणून तो येथे सोयीचा ठरतो.

१. संघर्षाची पार्श्वभूमी

ऱ्होडेशियातील प्रश्नाचे मूळ जमिनीत होते. १९३० च्या जमीन-विभागणी कायद्याने देशातील भूमी वंशानुसार वाटली गेली. १९६९ च्या कायद्याने ती वाटणी कायम करताना युरोपीयांना व आफ्रिकनांना प्रत्येकी सुमारे साडेचार कोटी एकर जमीन ठरवून दिली. वरवर पाहता हे वाटप समान दिसते. परंतु त्या वेळी युरोपीयांची संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास, तर आफ्रिकनांची अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात होती. आफ्रिकनांच्या वाट्याला आलेल्या प्रदेशाला सरकारी भाषेत ‘ट्रायबल ट्रस्ट लँड’ म्हणत. हलकी जमीन, अपुरा पाऊस आणि वाढती वस्ती ही या प्रदेशाची लक्षणे होती. पुढे युद्ध मुख्यतः येथेच लढले गेले.

झापू हा पक्ष १९६१ मध्ये व त्यातून फुटून निघालेला झानू हा पक्ष १९६३ मध्ये स्थापन झाला. इअन स्मिथ यांच्या सरकारने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनची अनुमती न घेता एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि सनदशीर मार्गाने सत्तांतर होण्याची आशा मावळली. झानूच्या सैनिकी शाखेस झानला व झापूच्या शाखेस झिप्रा अशी नावे होती. २८ एप्रिल १९६६ रोजी सिनोयाजवळ (आजचे चिन्होयी) सात गनिमांचा एक गट पोलिसांनी घेरला व सातही जण मारले गेले. झिंबाब्वेत हा दिवस दुसऱ्या ‘चिमुरेंगा’चा, म्हणजे मुक्तिलढ्याचा, आरंभ मानला जातो. हेलिकॉप्टरांचा चकमकीत उपयोगही ऱ्होडेशियात प्रथम ठळकपणे येथेच झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या दिवशी पोलीस व वायुदल यांच्यात सुसूत्रता नव्हती. कोणी कोठे उतरावे व आज्ञा कोणी द्यावी हे निश्चित नव्हते. आज्ञा एकाच्या हाती आणि तीही हवेतून, हे पुढील तंत्राचे मुख्य सूत्र या गोंधळाच्या अनुभवावरच उभे राहिले.

१९६७ व १९६८ मध्ये झांबियातून झांबेझी नदी ओलांडून आलेले मोठे गट निर्जन अरण्यात सापडले. तेथे माग काढणारे सैनिक पावलांचा माग घेत, आणि हेलिकॉप्टरे त्यांना उचलून पुढच्या टप्प्यावर नेऊन सोडीत. निर्मनुष्य प्रदेशात परक्या माणसाचे पाऊल लपत नाही. म्हणून ही पद्धत यशस्वी झाली. परंतु २१ डिसेंबर १९७२ रोजी सेंटेनरी भागातील अल्टेना या शेतमळ्यावर हल्ला झाला, तेव्हा युद्धाचे स्वरूप पालटले होते. झानलाने मोझांबिकच्या टेटे प्रांतातून, फ्रेलिमो संघटनेच्या साहाय्याने, ईशान्येकडील दाट वस्तीत प्रवेश केला होता. हल्ल्यापूर्वी कित्येक महिने त्यांचे कार्यकर्ते गावोगाव हिंडून लोकांत मिसळले होते. हजारो अनवाणी पावलांच्या गर्दीत गनिमाचे पाऊल वेगळे कसे ओळखावे, हा प्रश्न आता सैन्यापुढे उभा राहिला. फायरफोर्स हे या प्रश्नाला शोधलेले उत्तर होते.

२. तंत्राची पूर्वपीठिका

हे तंत्र सर्वस्वी स्वयंभू नव्हते. हेलिकॉप्टरांतून सैनिक उतरवून डोंगराळ प्रदेशातील बंडखोरांना घेरण्याचे प्रयोग फ्रेंचांनी अल्जीरियात केले होते व काही हेलिकॉप्टरांवर २० मिलिमीटरची तोफही बसवली होती. पोर्तुगीजांनी अंगोला व मोझांबिक येथे फ्रेंच बनावटीची ‘आलुएत ३’ ही हेलिकॉप्टरे वापरली. त्यांतील काहींवर अशीच तोफ आडवी बसवलेली असे. ऱ्होडेशियन अधिकाऱ्यांचे मोझांबिकमधील पोर्तुगीज सैन्याशी निकटचे संबंध होते. खुद्द ऱ्होडेशियनांपैकी अनेकांनी १९५० नंतरच्या दशकात मलायातील जंगलयुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने भाग घेतला होता. ऱ्होडेशियन आफ्रिकन रायफल्स ही पलटणही १९५६ ते १९५८ या काळात तेथे होती. अल्जीरिया, मलाया व मोझांबिक या तीन अनुभवांच्या संगमातून १९७४ मध्ये ईशान्य आघाडीवर फायरफोर्सची घडी बसली.

३. यंत्र, माणसे व योजना

या योजनेचा कणा ‘आलुएत ३’ हे लहानसे हेलिकॉप्टर होता. ऱ्होडेशियाच्या वायुदलात ते १९६२ पासून दाखल झाले आणि सातव्या स्क्वाड्रनकडे सोपवले गेले. भारतीय वाचकांना हे यान अनोळखी नाही. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने परवान्यानुसार बांधलेले ‘चेतक’ ते हेच. समुद्रसपाटीपासून चार-पाच हजार फूट उंचीच्या उष्ण पठारावर हवा विरळ असल्याने त्याची वाहनशक्ती घटे. वैमानिक व तंत्रज्ञ यांखेरीज केवळ चार सशस्त्र सैनिक त्यात बसत. या चारच्या आकड्याने पुढील सर्व रचना ठरवली. चौघांची तुकडी हा घटक कोणा सैनिकी तत्त्वज्ञाने विचारपूर्वक निवडलेला नव्हता. यानाच्या पोटात जितकी माणसे मावली तितकी तुकडी झाली. युद्धशास्त्राच्या अभ्यासकाने ही गोष्ट विसरू नये.

हेलिकॉप्टरांचे दोन प्रकार केलेले होते. सैनिक वाहून नेणाऱ्यास ‘जी-कार’ व मारगिरी करणाऱ्यास ‘के-कार’ म्हणत. के-कारमध्ये जर्मन बनावटीची २० मिलिमीटर तोफ डाव्या दारातून बाहेर रोखलेली असे आणि वैमानिकाच्या सोबत पायदळाचा अधिकारी बसे. हा अधिकारीच त्या चकमकीचा सेनापती. के-कार सुमारे आठशे फूट उंचीवरून डावीकडे वळण घेत लक्ष्याभोवती घिरट्या घाली, त्यामुळे तोफेचे तोंड सतत वर्तुळाच्या मध्याकडे राही. जमिनीवरचा सेनापती झाडोऱ्यात जे पाहू शकत नाही ते या सेनापतीस एका दृष्टिक्षेपात दिसे. प्रत्येक तुकडीच्या नायकाजवळ बिनतारी यंत्र असल्याने त्याची आज्ञा तत्काळ पोहोचे.

चकमकीचा क्रम साधारणतः असा असे. माउंट डार्विन, म्टोको, ग्रँड रीफ किंवा बफेलो रेंज यांसारख्या आघाडीवरच्या धावपट्टीवर सैनिक व याने सज्ज असत. वार्ता येताच भोंगा वाजे. के-कार पुढे, तिच्यामागे तीन-चार जी-कार, अशी याने झाडांच्या शेंड्यांलगत, शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत. हेतू हा की यंत्रांचा आवाज गनिमांना शेवटच्या क्षणापर्यंत ऐकू जाऊ नये. लक्ष्याजवळ येताच के-कार एकदम वर चढे. गनीम बहुधा विखरून पळत. ते कोणत्या ओढ्याने, कोणत्या घळीने पळतील याचा अंदाज घेऊन सेनापती चौघाचौघांच्या तुकड्या त्या त्या वाटेवर उतरवी. या तुकड्यांना ‘स्टॉप’, म्हणजे अडसर, म्हणत. नंतर उरलेले सैनिक एका रांगेत झाडी विंचरीत पुढे सरकत. त्यांच्या रेट्याने गनीम एकतर अडसरावर आदळे किंवा उघड्यावर येऊन तोफेच्या माऱ्यात सापडे. इंधन व राखीव सैनिक घेऊन मोटारींचा एक ताफा रस्त्याने मागून येई.

१९७६ पासून ‘लिंक्स’ नावाने ओळखले जाणारे सेसना जातीचे हलके विमान बाँब व रॉकेटे घेऊन या ताफ्यात सामील झाले. १९७७ पासून दुसऱ्या महायुद्धातील जुन्या डाकोटा विमानांतून छत्रीधारी सैनिक उतरवण्यास प्रारंभ झाला. हेलिकॉप्टरांची उणीव भरून काढण्याचा हा उपाय होता. कारण एक डाकोटा चार-पाच जी-कारांइतके सैनिक एका खेपेत आणू शके. ही उडी अगदी कमी उंचीवरून, सुमारे पाचशे फुटांवरून घ्यावी लागे. काही सैनिकांनी एका दिवसात एकाहून अधिक वेळा अशा युद्ध-उड्या घेतल्याची नोंद आहे.

हे सैनिक मुख्यतः दोन पलटणींचे होते. ऱ्होडेशियन लाइट इन्फन्ट्री ही १९६१ मध्ये उभारलेली गोरी पलटण. ऱ्होडेशियन आफ्रिकन रायफल्स ही गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालील आफ्रिकन सैनिकांची. युद्धाच्या अखेरीस सरकारी सुरक्षादलांत आफ्रिकनांचीच बहुसंख्या होती. हे युद्ध केवळ काळे विरुद्ध गोरे असे रंगवणे म्हणूनच सदोष ठरते. सत्ता कोणाची व जमीन कोणाची हा प्रश्न मात्र वंशाशीच जखडलेला होता.

४. टेकडीवरील डोळा

वरील वर्णनावरून असा समज होण्याचा संभव आहे की या तंत्राचे रहस्य हेलिकॉप्टरात होते. वस्तुतः ते वार्तेत होते. गनीम नेमका कोठे आहे हे कळल्यावाचून हा सर्व ताफा निरुपयोगी होता. ही वार्ता प्रामुख्याने दोन मार्गांनी येई.

पहिला मार्ग निरीक्षण-ठाण्याचा. त्या देशात सपाट पठारावर ठिकठिकाणी दगडी टेकड्या उभ्या आहेत. दोन किंवा चार सैनिक रात्री अशा टेकडीवर चढून, दगडांच्या आड दडून, दिवसेंदिवस दुर्बिणीने खालचे गाव न्याहाळीत. महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात डोंगर व गनिमी कावा यांचे नाते घट्ट आहे : डोंगर गनिमाचा, मैदान सरकारचे. ऱ्होडेशियात हे नाते नेमके उलटे झाले होते. टेकडीवर सरकारचा पहारा लपलेला असे व गनीम खालच्या वस्तीच्या आश्रयाने राही.

हा पहारेकरी काय पाहत असे? शस्त्रधारी माणूस क्वचितच दृष्टीस पडे. तो पाहत असे गावाची दिनचर्या आणि तीत पडलेला फरक. घरातील माणसांच्या मानाने जास्त अन्न शिजते काय, बायका डोक्यावर भांडी घेऊन ज्या झाडीत वस्ती नाही तिकडे जातात काय, गुरे राखणारी मुले एकाच जागी वारंवार घुटमळतात काय, अशा खुणा तो टिपून घेई. विमानातून पाहणी करणारे वैमानिकही वस्तीपासून झाडीकडे नव्याने पडलेल्या पायवाटांवरून तळ हुडकीत. गनीम अन्नावाचून राहू शकत नाही आणि अन्न गावातूनच येते. म्हणून अन्नाची वाट हीच गनिमाची वाट, असे हे अनुमान होते. अनुमान बहुधा बरोबर ठरे. परंतु त्यात एक भयंकर परिणती अनुस्यूत होती. भाकरी पोहोचवणारी बाई ही या पद्धतीत पुरावा ठरली. आणि तोफ जेव्हा त्या झाडीवर रोखली जाई तेव्हा ती बाई अनेकदा तेथेच असे.

दुसरा मार्ग सोंगाचा. १९७३ मध्ये रॉन रीड-डेली यांच्या नेतृत्वाखाली ‘सेलूस स्काउट्स’ हे पथक उभारण्यात आले. शरण आलेले किंवा पकडलेले गनीम आणि आफ्रिकन सैनिक यांच्या मिश्र टोळ्या गनिमांचाच वेष घेऊन गावात शिरत, खऱ्या गटांचा ठाव काढीत आणि दूर राहून फायरफोर्सला पाचारण करीत. देशांतर्गत मारल्या गेलेल्या गनिमांपैकी ६८ टक्क्यांचे श्रेय १९७८ च्या एका सैनिकी पाहणीने या पथकाच्या वार्तांना दिल्याचे जे. के. सिलिअर्स यांनी आपल्या १९८५ च्या ग्रंथात नमूद केले आहे. या कार्यपद्धतीने गावकऱ्याची मात्र विलक्षण कोंडी झाली. दारात आलेला सशस्त्र तरुण खरा की बतावणीचा हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. खऱ्यास जेवण नाकारले तर फितूर म्हणून गनिमांच्या हातून मरण. खोट्यास जेवण दिले तर सरकारच्या हातून शिक्षा.

५. गनिमांचे प्रत्युत्तर

गनीमही स्वस्थ बसले नाहीत. झानलाच्या सेनानींपैकी जोसाया टोंगोगारा यांच्यासारख्यांचे शिक्षण चीनमध्ये झाले होते, आणि जनता हाच सैन्याचा आधार हे सूत्र त्यांच्या शिकवणुकीच्या केंद्रस्थानी होते. गट लहान ठेवणे, दिवसा दाट सावलीत राहणे, वस्तीपासून अंतर राखून तळ वारंवार हलवणे, आणि अंगावर एकावर एक नागरी कपडे घालून प्रसंगी वरचा पोशाख टाकून देणे, या युक्त्या त्यांनी आत्मसात केल्या. मुलगे (मुजिबा) व मुली (चिंब्विदो) यांचे जाळे उभारून सैन्याच्या हालचालींची वार्ता मिळवण्याची व्यवस्था झाली. रात्रीच्या सभांना ‘पुंग्वे’ म्हणत; त्यांत गाणी, राजकीय व्याख्याने आणि काही वेळा फितुरांना शिक्षा, हे सर्व चाले. रात्री हेलिकॉप्टरे प्रायः लढू शकत नसत, म्हणून रात्र गनिमांची झाली. झिप्राजवळ खांद्यावरून डागावयाची सोव्हिएत क्षेपणास्त्रे आल्यावर हेलिकॉप्टरांच्या धुरांड्यांवर आच्छादने बसवावी लागली. याच क्षेपणास्त्रांनी ३ सप्टेंबर १९७८ व १२ फेब्रुवारी १९७९ रोजी दोन प्रवासी विमाने पाडली गेली आणि निरपराध प्रवासी मृत्यू पावले. गनिमी पक्षाच्या इतिहासातही हा काळा डाग आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

या उपायांनी फायरफोर्सची धार बोथट झाली असे मात्र नाही. चकमक जुळली की फळ बहुधा ठरलेले असे. गनिमांनी शोधलेले खरे उत्तर चकमकीतले नव्हतेच. ते संख्येचे व विस्ताराचे होते.

६. मृतांची गणना

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सत्तापालट झाला व २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले. पोर्तुगीज साम्राज्याच्या या अस्ताचा परिणाम ऱ्होडेशियावर निर्णायक झाला. पूर्वेची लांबलचक सीमा आता सर्वत्र उघडी पडली. १९७६ मध्ये मोझांबिकने ती सीमा सरकारी वाहतुकीस बंद केली आणि गनिमांस मोकळी केली. ईशान्येपुरते असलेले युद्ध त्याच वर्षी पूर्व, आग्नेय व पश्चिम भागांत पसरले. हेलिकॉप्टरे मात्र तेवढीच राहिली. आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे नवी मिळणे दुष्कर होते. दक्षिण आफ्रिकेने उसनी दिलेली याने व माणसे त्या देशाच्या राजकारणानुसार येत व परत जात. १९७८ मध्ये बेल जातीची काही मोठी हेलिकॉप्टरे आडमार्गाने मिळवली गेली, पण तोवर फार उशीर झाला होता. एका वेळी देशात मोजकेच तीन-चार फायरफोर्स उभे राहू शकत. एका ठिकाणी भोंगा वाजला असता दुसऱ्या ठिकाणच्या टेकडीवरील पहारेकऱ्याने पाहिलेला गट निघून जाताना नुसता पाहत राहावा, असे प्रसंग वाढत गेले.

अशा स्थितीत यश मोजावयाचे कशाने? सैन्याने ते प्रेतांनी मोजले. एक सैनिक पडला तर ऐंशी गनीम पडत, असे प्रमाण काही सैनिकी लेखकांनी दिले आहे. या आकड्याची चिकित्सा करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली ही की सरकारी पत्रकांत ‘दहशतवाद्यांबरोबर धावताना ठार’, ‘संचारबंदी मोडताना ठार’ व ‘दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडून ठार’ असे स्वतंत्र वर्ग असत. आठशे फुटांवरून धावती आकृती ही एक आकृतीच असते. ती गनिमाची, मुजिबाची की घाबरलेल्या गुराख्याची, हे तोफेला कळत नाही. कॅथॉलिक न्याय व शांतता आयोगाने १९७५ व १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत नागरिकांवरील अत्याचारांच्या साक्षी एकत्र केल्या आहेत. सरकारने त्याच सुमारास, १९७५ मध्ये, एक कायदा करून सद्भावनेने केलेल्या कृत्यांबद्दल सुरक्षादलांना न्यायालयीन जबाबदारीतून मुक्त केले व त्यास १ डिसेंबर १९७२ पासूनचा पूर्वलक्षी प्रभाव दिला. मे १९७८ मध्ये गुटू भागात एका पुंग्वेवर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात पन्नासांहून अधिक गावकरी मरण पावले. तेथे हेलिकॉप्टर नव्हते. परंतु गावकरी व गनीम यांना एकच लक्ष्य समजणारी वृत्ती तीच होती.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. प्रेतांची संख्या वाढत असताना जिवंत गनिमांची संख्याही वाढतच होती. १९७४ च्या सुमारास देशात काही शेकडा गनीम होते. १९७९ च्या अखेरीस ते दहा हजारांवर गेले होते. ज्या तरुणांचे गाव पोळले गेले ते सीमा ओलांडून मोझांबिकच्या तळांवर जात. या तळांवरही सैन्याने हल्ले केले. ९ ऑगस्ट १९७६ रोजी न्याडझोन्या येथे झालेल्या हल्ल्यात सुमारे एक हजार माणसे मारली गेली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित-संस्थेने ती निर्वासितांची छावणी असल्याचे म्हटले, तर ऱ्होडेशियाने ती सैनिकी छावणी ठरवली. नोव्हेंबर १९७७ मध्ये चिमोइयो व तेंबुए येथील तळांवर फायरफोर्सचेच तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्यामुळे गनिमांची हानी झाली, प्रवाह मात्र आटला नाही.

७. गावाभोवतीचे कुंपण

गनीम व गाव यांतील धागा तोडण्याचा सरकारी प्रयत्न म्हणजे ‘संरक्षित खेडी’. जुलै १९७४ मध्ये चिवेशे भागातील सुमारे पन्नास हजार लोक काही आठवड्यांत २१ कुंपणबंद वस्त्यांत हलवण्यात आले. पुढे अशा वस्त्यांची संख्या दोनशेहून अधिक झाली. मलायातील अनुभवाचे हे अनुकरण होते. पण मलायात हलवलेल्या चिनी मजुरांना जमिनीचे हक्क मिळाले, पुढे स्वातंत्र्यही मिळाले. ऱ्होडेशियात लोकांना मिळाले ते कुंपण, रात्रीची संचारबंदी व शेतापर्यंतची लांब पायपीट. जमिनीचा मूळ प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. गनिमास आसरा देणे किंवा त्याची खबर न देणे यासाठी दीर्घ मुदतीचा कारावास आणि गावावर सामुदायिक दंड, हे या धोरणाचे दुसरे अंग होते.

येथे फायरफोर्सच्या मूलभूत विरोधाचे दर्शन घडते. टेकडीवरच्या पहारेकऱ्याला गनीम सापडत असे तो गाव व गनीम यांच्यातील नात्यामुळे. ते नाते जितके घट्ट, तितक्या खुणा अधिक. आणि खुणा जितक्या अधिक, तितक्या चकमकी व तितकी प्रेते अधिक. म्हणजे या तंत्राच्या यशाचे वाढते आकडे हेच राजकीय अपयशाचे वाढते आकडे होते. सैन्य आपल्या नोंदवहीत जो जमेचा रकाना लिहीत होते तोच, नीट वाचला असता, खर्चाचा होता.

८. शेवट

१९७८ मध्ये देश सोडून जाणाऱ्या गोऱ्यांची संख्या येणाऱ्यांपेक्षा तेरा हजारांहून अधिक झाली. प्रौढ नागरिकांना वारंवार सैन्यसेवेस बोलावल्याने शेती व उद्योग खिळखिळे झाले. ११ डिसेंबर १९७८ रोजी सॉल्सबरीतील (आजचे हरारे) इंधनसाठा गनिमांनी पेटवला. ३ मार्च १९७८ च्या अंतर्गत करारानुसार बिशप मुझोरेवा यांचे सरकार १९७९ च्या मध्यास आले, पण त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस देशाच्या सुमारे ९५ टक्के भागात लष्करी कायदा जारी होता. २१ डिसेंबर १९७९ रोजी लंडनमधील लँकेस्टर हाउस येथे करार झाला. शस्त्रसंधीनंतर नेमलेल्या ठिकाणी एकत्र आलेल्या गनिमांची संख्या शेवटी २२ हजारांच्या आसपास गेली. फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीत आफ्रिकनांसाठीच्या ८० जागांपैकी झानूस ५७ व झापूस २० मिळाल्या. मुझोरेवांच्या पक्षास अवघ्या ३. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला.

९. साधनांची चिकित्सा

या विषयाच्या अभ्यासकाने साधनांविषयी विशेष सावध राहावयास हवे. सत्तांतराच्या वेळी ऱ्होडेशियन सैन्याची बरीच कागदपत्रे नष्ट करण्यात आली वा देशाबाहेर गेली. झापू व झिप्रा यांचे दप्तर १९८२ मध्ये नव्या सरकारनेच जप्त केले. म्हणजे दोन्ही बाजूंचे मूळ कागद अपुरे आहेत. ही पोकळी माजी सैनिकांच्या आठवणींनी भरून काढली. ही पुस्तके तंत्राच्या तपशिलात बहुमोल आहेत. परंतु त्यांत गाव दिसतो तो टेकडीवरून, अथवा के-कारच्या दारातून. शिवाय ‘आम्ही रणांगणावर अजिंक्य होतो, राजकारण्यांनी घात केला’ हा सूर त्यांतून वारंवार उमटतो. उलटपक्षी स्वतंत्र झिंबाब्वेच्या अधिकृत इतिहासात जनता व गनीम यांचे ऐक्य निर्भेळ दाखवले गेले. टेरेन्स रेंजर व डेव्हिड लॅन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शेतकऱ्यांची जमिनीविषयीची जाणीव व पूर्वजांच्या आत्म्यांचे माध्यम मानल्या जाणाऱ्या व्यक्तींचा प्रभाव यांवर भर आहे. नॉर्मा क्रिगर यांच्या १९९२ च्या अभ्यासाने या चित्रास छेद दिला. गनिमांना मिळालेल्या आधारात सक्तीचा व भीतीचा वाटा किती मोठा होता हे त्यांनी गावकऱ्यांच्याच साक्षींवरून दाखवले.

या दोन मतांतून एकाची निवड करण्याचे कारण नाही. गावकऱ्याने गनिमास दिलेली भाकरी कधी श्रद्धेने दिलेली होती, कधी भयाने, आणि बहुधा दोन्हींच्या मिश्रणाने. टेकडीवरून हा भेद दिसणे शक्य नव्हते, आणि आकाशातून तर नव्हतेच. फायरफोर्स हे युद्धतंत्र म्हणून कुशल होते, अल्प साधनांतून निर्माण झालेले होते आणि त्यात भाग घेणाऱ्यांचे धैर्य वादातीत होते. परंतु ज्या प्रश्नासाठी गनीम झाडीत येऊन बसला होता तो प्रश्न तोफेच्या टप्प्याबाहेरचा होता. साडेचार कोटी एकरांच्या दोन असमान वाट्यांचा हा प्रश्न होता. तो सोडवण्याची तयारी सरकारची नव्हती, आणि म्हणून प्रत्येक विजयानंतर सैनिकांना त्याच टेकडीवर पुन्हा चढावे लागे. चढताना खालच्या गावात आणखी काही घरांतून पुरुष नाहीसे झालेले असत आणि संध्याकाळी आणखी काही बायका डोक्यावर भांडी घेऊन झाडीकडे निघालेल्या असत.